मदत हवी आहे : सगळ्याच्या सगळ्या शुक्राणूंची डोकी गोल. आकार येण्याचं काम कुठे अडतं?

तेलभिंग

नमस्कार मंडळी,

मी तालुक्याच्या गावी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डीएमएलटी करून अठरा वर्षं झाली. रक्त, लघवी, थुंकी यांच्या जोडीला आठवड्याला चार-पाच वीर्य तपासण्या माझ्या हातून होतात. मागच्या पंधरवड्यात एका माणसाने मला एक प्रश्न विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. ते द्यायला हवं असं मनापासून वाटतंय, म्हणून हा धागा. त्यांना विचारूनच लिहितोय, आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

नमुना आला तेव्हा वेगळं काही वाटलं नव्हतं. संख्या चांगली, हालचाल थोडी कमी. स्मिअर वाळवला, रंगवला, तेलाचा थेंब टाकून शंभरच्या भिंगाखाली घेतला. ज्यांनी अशी स्लाइड कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो : मुलंबाळं असलेल्या धडधाकट माणसाच्या स्लाइडवरसुद्धा बहुतेक शुक्राणू वेडेवाकडेच असतात. कुणाचं डोकं निमुळतं, कुणाचं फारच बारीक, कुणाला दोन शेपट्या, कुणाची मान मुरगळलेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत नीट आकाराच्या शुक्राणूंची खालची मर्यादा 4% आहे, यावरून कल्पना यावी. म्हणजे स्लाइडवर तऱ्हेतऱ्हेचे दिसणं हेच रोजचं. या स्लाइडवर तऱ्हाच नव्हत्या. 200 मोजले, 200 गोल. मोहरी सांडावी तसे. शेपट्या मात्र बहुतेकांच्या ठीक होत्या.

दुसरा स्मिअर केला, तोच प्रकार. रिपोर्टवर आकडे गेले : नीट आकाराचे 0%, डोक्याचे दोष 100%. लॅबच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी सही केली आणि वंध्यत्वाच्या डॉक्टरांना दाखवायला सांगितलं.

दोन दिवसांनी ते गृहस्थ लॅब बंद व्हायच्या वेळेला एकटेच आले. रिपोर्टची घडी खिशात घालून घालून मऊ झाली होती. म्हणाले, "दादा, शंभर टक्के दोष म्हणजे काय हो? मी तंबाखू खायचो, त्यानं झालं का? का लहानपणी गालगुंड झाले होते त्यानं? घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाहीये." मी एवढंच म्हणू शकलो की डॉक्टर सांगतील. ते गेले आणि मी तिथेच बसून राहिलो. अठरा वर्षं ‘हेड डिफेक्ट’, ‘टेल डिफेक्ट’ या रकान्यांत मी आकडे भरतोय, पण डोक्याला आकार येतो कसा हे मला कुणी शिकवलंच नाही. आमच्या पुस्तकात एक चित्र होतं : एक गोल पेशी, पुढे बाण, आणि बाणाच्या टोकाला शेपूटवाला शुक्राणू. त्या बाणात काय घडतं ते मला समजून घ्यायचंय.

गोल पेशीचं लांबट, चपटं डोकं कोण करतं? आतून होतं की बाहेरून? आधी शेपूट येते की आधी डोकं घडतं? माझ्या स्लाइडवर शेपट्या ठीक आणि डोकी तेवढी गोल, म्हणजे ही दोन कामं वेगवेगळी चालतात का? आणि तंबाखूचं काय? साध्या मराठीत सांगाल तर उपकार होतील, कारण मला ते पुढे मराठीतच सांगायचंय.

पाणवठा

आधी एक खात्री करून घ्या. ‘राउंड सेल्स’ आणि गोल डोक्याचे शुक्राणू यांत गल्लत नाही ना? राउंड सेल्स म्हणजे बिनशेपटीच्या गोल पेशी, पांढऱ्या पेशी नाहीतर अर्धवट वाढीच्या जननपेशी. त्यांचा रकाना वेगळा. तसंच शेपटीच्या टोकाला टाचणीच्या माथ्याएवढा ठिपका दिसला तर ते गोल डोकं नव्हे, ती डोकं तुटलेली शेपूट. आमच्या नात्यात एकाच्या रिपोर्टमध्ये हा घोळ झाला होता आणि तीन महिने सगळे भलत्याच काळजीत होते.

तेलभिंग

नाही पाणवठा, तसं नाही. प्रत्येकाला शेपूट आहे आणि डोकं भरीव आहे. पण हे इथे लिहिलंत ते बरं झालं, नव्या मुलांकडून ही चूक होते.

रानजाई

तेलभिंग दादा, मी सहा वर्षं उंदरांच्या वृषणावर काम केलंय आणि त्यातली बरीचशी तुम्ही म्हणता त्या बाणातच गेली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी वेळेचा हिशेब. माणसात मूळ पेशीपासून शुक्राणू तयार व्हायला साधारण 74 दिवस लागतात. त्यातला मोठा काळ पेशींची संख्या वाढण्यात आणि गुणसूत्रं निम्मी होण्यात जातो. शेवटी जी लहानशी गोल पेशी उरते तिला स्पर्मॅटिड म्हणतात. तिच्यापुढे विभाजन नाही. उरलेले तीन-साडेतीन आठवडे ती फक्त रूप बदलते. तुमचा बाण म्हणजे एवढे दिवस.

शेपूट आणि डोकं यांची सुरुवात साधारण एकाच सुमारास होते, पण पेशीच्या दोन समोरासमोरच्या टोकांना. डोक्याचं आधी सांगते.

गॉल्जी पिंडातून विकरांनी भरलेल्या बारीक पिशव्या सुटतात, एकमेकींत मिसळतात आणि केंद्रकाच्या एका बाजूला येऊन टेकतात. तिथे एकच पिशवी होते आणि ती पसरत पसरत केंद्रकाच्या पुढच्या भागावर टोपीसारखी बसते. हाच अ‍ॅक्रोसोम. पुढे अंड्याच्या आवरणापाशी लागणारा ऐवज या टोपीत असतो. टोपी नुसती वर ठेवलेली नसते. टोपी आणि केंद्रक यांच्यामध्ये प्रथिनांचा एक पातळ थर असतो, त्याचं नाव अ‍ॅक्रोप्लॅक्सोम. टोपी खाली पडू नये म्हणून टाके घालावेत तसं त्याचं काम. हे टाके लक्षात ठेवा, तुमच्या स्लाइडचं उत्तर तिथेच आहे.

टोपी बसली की तिच्या काठाखाली केंद्रकाभोवती एक कडं तयार होतं. त्या कड्याला मायक्रोट्यूब्यूलच्या असंख्य नळ्या लागलेल्या असतात आणि त्या मागच्या दिशेला पसरतात, परकराच्या चुण्या कमरेपासून खाली सुटतात तशा. या सगळ्याला मँशेट म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ शर्टाच्या बाहीचा कफ. हे कडं सावकाश मागे सरकतं आणि सरकताना अरुंद होत जातं. कणकेच्या मऊ गोळ्यावर बांगडी चढवा, ती मागे मागे न्या, आणि नेता नेता बांगडीच लहान होतेय असं समजा. गोळा लांबट होणारच. घरी मुलीला समजावताना मी हे खरोखर कणीक घेऊन केलंय.

बाहेरूनही हात लागतो. सर्टोली पेशी (एन्रिको सर्टोली यांनी 1865 मध्ये वर्णन केलेल्या) या वाढत्या पेशींना अंगाखांद्यावर धरून असतात. स्पर्मॅटिडचं डोकं सर्टोली पेशीत रुतलेलं असतं आणि टोपीच्या भोवती त्या पेशीतल्या अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाच्या कड्या असतात. म्हणजे आतून की बाहेरून, याचं उत्तर दोन्हीकडून असं आहे.

मँशेट कायमचं नाही. काम झालं की ते मोडावं लागतं. मायक्रोट्यूब्यूल कापणारं कॅटॅनिन नावाचं प्रथिन आहे, त्यात बिघाड असलेल्या उंदरांत मँशेट वेळेवर सुटत नाही, आवळतच राहतं आणि डोकं भलतंच होऊन बसतं. दुसऱ्या एका जातीच्या उंदरांत हूक-1 या जनुकात दोष असतो, तिथे मँशेट चुकीच्या जागी बसतं आणि डोकी वाकडी निघतात. आकार यायला कडं हवं, ते योग्य जागी हवं, आणि वेळेवर जायलाही हवं.

हे चालू असताना आत डीएनएची बांधाबांध सुरू असते. आपल्या इतर पेशींत डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती सैलसर गुंडाळलेला असतो. इथे हिस्टोन बहुतेक काढले जातात आणि त्यांच्या जागी प्रोटॅमिन येतात. त्याने डीएनए इतका घट्ट बसतो की त्यातून नवीन काही वाचताच येत नाही. मग पुढची प्रथिनं बनवायची कशी? त्यांच्या संदेशांच्या प्रती पेशीने आधीच काढून साठवलेल्या असतात, पावसाळ्याआधी वाळवणं करून डबे भरून ठेवावेत तशा. मला या सगळ्या प्रकरणात हा भाग सर्वांत विलक्षण वाटतो. प्रोटॅमिन शोधलं फ्रीड्रिश मीशर यांनी, 1874 मध्ये, बाझल शहरात, ऱ्हाइन नदीतल्या सामन माशाच्या शुक्राणूंमध्ये.

आता तुमची स्लाइड. या अवस्थेला ग्लोबोझूस्पर्मिया म्हणतात आणि ती फार विरळ आहे. वंध्यत्व असलेल्या पुरुषांमध्ये 0.1 टक्क्याहून कमी. 2011 मध्ये कळलं की यातल्या बऱ्याच पुरुषांत डीपीवाय19एल2 हे जनुक दोन्ही प्रतींतून गळालेलं असतं. त्याचं प्रथिन केंद्रकाच्या आवरणात, बरोबर टोपीच्या बाजूला असतं आणि टाके धरून ठेवतं. ते नसलं की टोपी केंद्रकाला चिकटून राहत नाही, सुटते आणि शेवटी उरल्यासुरल्या पेशीद्रव्याबरोबर टाकून दिली जाते. टोपी नाही म्हणून मँशेटलाही टेकायला जागा नाही. कडं मागे सरकत नाही आणि गोळा गोलच राहतो. शेपूट पलीकडच्या टोकाला बनते, म्हणून ती बऱ्यापैकी तयार झालेली दिसते.

तंबाखूने हे होत नाही. गालगुंडाने वृषणाला इजा होऊन संख्या घटू शकते, पण एकूण एक डोकं गोल असा प्रकार होत नाही. तंबाखू सोडावा, पण या कारणासाठी त्या माणसाने स्वतःला दोष देऊ नये. कृपया त्यांना हे स्पष्ट शब्दांत सांगा.

एक काम तुम्हीच करू शकता. पॅपनिकोलाऊ रंग असेल तर पुन्हा बघा. नेहमीच्या डोक्यात पुढचा भाग फिका निळा आणि मागचा गडद निळा दिसतो. तो फिका भाग म्हणजे टोपी, डोक्याचा 40 ते 70 टक्के भाग व्यापणारी. तुमच्या गोल डोक्यांत तो आहे का?

मत्स्यबीज

फार छान माहिती. मी रोहू-कटल्याच्या बीजकेंद्रावर काम करतो, म्हणून एक जोड देतो. या माशांच्या शुक्राणूंची डोकी गोलच असतात आणि त्यांना टोपी नसते. त्यांच्यात तेच नीट. कारण माशाच्या अंड्याच्या कवचाला एक बारीक छिद्र असतं आणि शुक्राणू त्यातून आत जातो. आवरणातून वाट काढायची गरजच नाही.

एक_वाचक

इथे शेपटीबद्दल विचारू का? माझ्या रिपोर्टमध्ये ‘शॉर्ट, कॉइल्ड, अ‍ॅब्सेंट टेल’ असं 90% च्या वर लिहिलंय. हालचाल शून्य. डोकी त्यामानाने बरी. रानजाई ताई, शेपूट कुठे अडते तेही सांगाल का? चार वर्षं झाली लग्नाला. डॉक्टर पुढचे उपाय सांगतात, पण हे का झालं ते मला कुणी समजावलेलं नाही.

रानजाई

अवश्य सांगते दादा.

स्पर्मॅटिडमध्ये सेंट्रिओलची, म्हणजे नळकांड्यासारख्या दोन सूक्ष्म भागांची, एक जोडी असते. टोपी बसू लागते त्याच सुमारास ही जोडी पेशीच्या कडेला, अगदी बाह्य आवरणापर्यंत जाते. त्यातल्या एका सेंट्रिओलमधून शेपटीचा गाभा उगवू लागतो, अ‍ॅक्झोनीम. आडवा छेद घेतला तर कडेने 9 जोड-नळ्या आणि मध्ये 2 सुट्या नळ्या दिसतात, आणि कडेपासून मध्याकडे बैलगाडीच्या चाकासारखे आरे. मग ही जोडी उगवत्या शेपटीसकट परत आत येते आणि टोपीच्या बरोबर उलट बाजूला केंद्रकाच्या एका खळग्यात पक्की बसते. तीच मान. ती नीट बसली नाही तर डोकं आणि शेपूट वेगळी होतात. सन-5 या जनुकातल्या दोषात असं दिसतं.

गाभा टोकाकडून वाढतो, म्हणजे सगळं सामान बुडापासून टोकापर्यंत वाहून न्यावं लागतं. त्याला ने-आण करणारी प्रथिनं असतात, आणि यातलं काही सामान मँशेटच्या नळ्यांवरूनही येतं. म्हणून मँशेट बिघडलं तर कधी कधी डोकं आणि शेपूट दोन्ही बिघडतात. गाभ्याभोवती पुढे 9 जाड तंतू येतात, त्यावर तंतूंचं म्यान चढतं. मँशेट मोडल्यावर मानेखाली तंतुकणिका येतात आणि भोवऱ्याला जाळी गुंडाळावी तशा शेपटीच्या सुरुवातीच्या भागाभोवती वेढे घेतात. शेवटी जास्तीचं पेशीद्रव्य सुटतं आणि सर्टोली पेशी ते गिळून टाकते.

तुमचं वर्णन वाचून मला ज्या गटाची आठवण होते त्यात शेपट्या आखूड, गुंडाळलेल्या, नसलेल्या अशा मिसळून असतात. त्यात अनेक जनुकं सापडली आहेत. पहिलं मोठं नाव डीएनएएच1, 2014 मधलं. ते गाभ्यातल्या डायनीन या हात मारणाऱ्या प्रथिनाचं. यातल्या बहुतेकांना बाकी काही त्रास नसतो. पण एक विचारते : तुम्हाला लहानपणापासून सतत सर्दी, सायनस, छातीत कफ असं काही? श्वासनलिकेतल्या केसलांचा (हलणाऱ्या सूक्ष्म केसांचा) गाभाही याच 9 आणि 2 च्या रचनेचा असतो. स्टॉकहोमच्या ब्यॉर्न अफ्झेलियस यांनी 1976 मध्ये दाखवलं की ज्या पुरुषांचे शुक्राणू हलत नव्हते त्यांच्या श्वासनलिकेतले केसलही निकामी होते आणि दोन्हीकडे डायनीनचे हात गायब होते. तसं काही असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

एक_वाचक

सर्दी-खोकला तसा काही नाही. ताई, चार वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या शरीरात काय घडतंय त्याचं चित्र दिसलं. मनापासून आभार.

गोठ्यातून

मी पशुवैद्यक आहे. गोठित रेतमात्रा बनवताना आम्ही वळूचे शुक्राणू रोज याच नजरेने पाहतो. वळूला कडक ताप येऊन गेला की त्या आठवड्यात नमुना अनेकदा ठीकच दिसतो, बिघडलेली डोकी पुढे काही आठवड्यांनी दिसतात. कारण तापात जे घडण्याच्या अवस्थेत होते ते बाहेर यायला तेवढा वेळ लागतो. वळूत सगळं काम 61 दिवसांत होतं. माणसाच्या बाबतीतही एका नमुन्यावर निकाल लावू नये. मागच्या तीन महिन्यांत ताप, टायफॉइड, डेंगी काही झालं होतं का, हे अर्ज भरतानाच विचारावं. तापाने मात्र अशी एकजात गोल डोकी होत नाहीत.

तेलभिंग

सगळ्यांचे आभार. रानजाई ताई, तुमचा प्रतिसाद छापून घेतलाय.

काल लॅब सुटल्यावर पॅपनिकोलाऊ करून बसलो. शेजारी तुलनेला दुसरी, ठीक असलेली स्लाइड घेतली. तिच्यावर नीट डोकं शोधून भिंग बारीक फिरवत बघितलं : पुढे फिकट निळं, मागे गडद, मध्ये टोपीची कड जाते तशी रेघ. इतकी वर्षं मी हे बघत होतो आणि त्याला टोपी म्हणतात एवढंच माहीत होतं. मग त्यांची स्लाइड. एकाही डोक्यात फिकट भाग नाही. सगळा एकच गडद रंग, कडेपर्यंत.

मॅडमना दाखवलं. त्यांनी रिपोर्टमध्ये ‘डोकी गोल, अ‍ॅक्रोसोम आढळला नाही, ग्लोबोझूस्पर्मियाची शक्यता, पुढील तपासणी व्हावी’ असा शेरा घालून दिला. नुसत्या 100 च्या आकड्यापेक्षा डॉक्टरांना याचा उपयोग होईल.

आज ते गृहस्थ पत्नीसह आले होते. मॅडमच्या परवानगीने मी त्यांना कागदावर टोपी आणि कडं काढून दाखवलं. बांगडीचं उदाहरण त्यांच्या पत्नीला लगेच कळलं. त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे यांच्या सवयीनं नाही झालं." मी म्हटलं, नाही. मग त्यांनी विचारलं, आमचं लग्न नात्यातलं आहे, त्यामुळे का? मला नक्की सांगता येईना. आणि पुढे मूल होऊ शकतं का, हेही त्यांना हवं होतं. ते मी डॉक्टरांवर सोपवलंय, पण मला स्वतःलाही समजून घ्यायचंय.

काचपेटी

मी आयव्हीएफ लॅबमध्ये एम्ब्रिओलॉजिस्ट आहे, म्हणून या दोन प्रश्नांवर लिहितो.

नात्यातल्या लग्नाबद्दल : या पुरुषाला दोष यायला त्याच्या आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत यावी लागते. म्हणजे विचार करायचा तो त्याच्या आईवडिलांच्या नात्याचा. त्याच्या वडिलांनी मामाची मुलगी केली असेल तर दोघांत एकच प्रत असण्याची शक्यता वाढते. नात्यात नसतानाही हे होतं. या जोडप्याच्या स्वतःच्या नात्यामुळे त्याचं डोकं गोल झालेलं नाही. मात्र त्यांच्या मुलाच्या दृष्टीने ते नातं महत्त्वाचं आहे, म्हणून त्यांनी जनुकीय समुपदेशन घ्यावं.

मूल होण्याबद्दल : टोपी नसल्याने शुक्राणू आपला आपण अंड्यात शिरू शकत नाही. इक्सी पद्धतीत, जी 1992 मध्ये ब्रुसेल्सहून जाहीर झाली, आपण सुईने एक शुक्राणू थेट अंड्यात सोडतो. पण या शुक्राणूंच्या बाबतीत तेवढ्याने बरेचदा भागत नाही. अंडं जागं व्हायला शुक्राणूकडून एक प्रथिन मिळावं लागतं, पीएलसी-झीटा, आणि टोपीबरोबर तेही बहुधा हरवलेलं असतं. म्हणून काही ठिकाणी इंजेक्शननंतर अंड्याला कॅल्शियम आयनोफोर नावाचं रसायन देऊन जागं करतात. अशा प्रकारे मुलं झालेली आहेत. खात्री कुणी देऊ नये, पण दार बंद नाही.

गोल पण आकाराने फार मोठी डोकी असतील तर ती वेगळी गोष्ट. त्यात ऑरोरा कायनेज सी या जनुकाचा दोष असू शकतो, गुणसूत्रांचीच संख्या चुकलेली असते आणि इक्सी करू नये. म्हणून डोक्याचं माप शेऱ्यात लिहा.

तेलभिंग

मायक्रोमीटरने मोजतो उद्याच. नजरेला तरी मोठी वाटत नाहीत. मापाचं हे मला कधी सुचलं नसतं, फार उपकार झाले.

आता शेवटची एक मदत. टोपी नाही हे पक्कं करायला वाटाण्यातलं लेक्टिन हे प्रथिन चमकत्या रंगासह वापरून तपासणी करतात असं वाचलं. आमच्याकडे फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक नाही. पुणे, कोल्हापूर किंवा संभाजीनगर भागात हे कुठे होत असेल, आणि रंग न दिलेली, नुसती फिक्स केलेली स्लाइड कुरिअरने चालते का, कुणाला माहीत आहे का? त्या जोडप्याला मुंबईच्या फेऱ्या परवडणाऱ्या नाहीत.

काचपेटी

स्लाइड कशी फिक्स करायची आणि कशी पाठवायची ते लिहून व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. उद्याचं माप मिळालं की तेही त्यातच कळवा.